मैनेच्या शिंगावरचा नंबर

सुंदराबाई गवळणीच्या दुधाआधी त्यांचा आवाज यायचा. भारतमाता टॉकीजच्या मागल्या गल्लीत आमची चाळ, आणि चाळीच्या पाठीला चिकटून त्यांचा गोठा. सकाळी त्यांनी म्हशीला हासडलेली शिवी तिसऱ्या मजल्यावर माझ्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू यायची, आणि त्याच दमात, त्याच सुरात हाक यायची, "बीएबाई, पातेलं घिऊन या!" मी रुईयातून बी.ए. झालेली आहे ही बातमी शेजारच्या गंगुबाईंनी माझ्या लग्नानंतर पंधरवड्यात चाळभर केली होती. तेव्हापासून सुंदराबाईंनी मला वासंती म्हणून कधी हाक मारलीच नाही.

बाई उंच, हाडापेराने रुंद, काष्टा घट्ट, दात मिश्रीने काळे. साताऱ्याकडून लग्न होऊन लालबागला आल्या त्या थेट गोठ्यात. नवरा गेला त्या संध्याकाळीही त्यांना धारा काढाव्या लागल्या होत्या. हे त्या रडत सांगत नसत, तक्रारीच्या सुरात सांगत, जणू तेवढं म्हशींनी समजून घ्यायला हवं होतं. गोठा त्यांचा आणि धाकटा दीर कुशाबा यांचा, दोघांच्या सामायिकातला. एकदा नव्या भाडेकरूने विचारलं, "बाई, दुधात पाणी घालता का हो?" सुंदराबाई म्हणाल्या, "घालतो की. आम्ही म्हशीला पाजतो, म्हैस दुधात घालती. तुमाला कोरडं दूध पायजे असंल तर दुसरीकडं बगा."

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती नलूमुळे. माझी ही मुलगी लहानपणी अगदी काडी होती. बाटलीतलं दूध तिला सोसेना, दुसरं काही पोटात राहीना. डॉक्टर म्हणाले, एकाच जनावराचं दूध द्या, रोज तेच, पाणी घालून, उकळून. सुंदराबाईंनी गोठ्यातून एक म्हैस निवडली. तिचं नाव मैना. काळीकुळकुळीत, कपाळावर चांद नाही, पायावर पांढरं नाही, ओळखावी अशी एकही खूण नाही. सुंदराबाई मैनेचं दूध वेगळ्या लोट्यात काढून देत. दोन-तीन महिन्यांत नलूच्या गालांवर मांस दिसायला लागलं. तेव्हापासून मैना शिंकली तरी मी गॅलरीत धावत यायचे.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात मैना आटली. नलू तोवर वरणभात खायला लागली होती. ती गाभण होती. व्यायला अजून सात-आठ महिने होते. गावाकडे असतं तर तिला रानात सोडली असती. पण लालबागला रान कुठलं? इथे वैरणीची काडी न् काडी विकत. जी दूध देत नाही तिने जागा रिकामी करायची, तिथे दुधाची दुसरी बांधायची, हा शहरातल्या गोठ्यांचा रिवाज. अशा म्हशी दलाल नेतो, आणि दलालाने नेलेली म्हैस वांद्र्याच्या कत्तलखान्यातून परत येत नाही. कुशाबा काही वाईट माणूस नव्हता. तो एवढंच म्हणे, "वैनी, माया पोटात ठिवावी. दावणीला बांधू नये."

तेवढ्यात सरकारची योजना आली. गाभण असलेली भाकड म्हैस गोठेवाल्याने विकायची नाही, जपायची. तिच्या वैरणीला सरकार दरमहा अनुदान देणार. कागदावर त्याचं लांबलचक इंग्रजी नाव होतं. सुंदराबाई त्याला 'सरकारची वैरण' म्हणत. मीच तो अर्ज लिहिला. अट एकच, पण कडक. काही गोठेवाल्यांनी एकच म्हैस तीन गोठ्यांत फिरवून तिच्या नावावर तिप्पट अनुदान खाल्लं होतं म्हणे. त्यामुळे आता खात्याचा डॉक्टर म्हैस तपासून तिच्या शिंगावर तापल्या सळईने नंबर डागायचा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. नंबरवाली म्हैस जागेवर दिसली, की मागचे तीन महिने एकदम मिळणार आणि पुढचेही चालू राहणार.

जुलैअखेर मैनेच्या डाव्या शिंगावर नंबर पडला. कुशाबा कबूल झाला. "ऑक्टोबरपावतर थांबतो. सरकारनं दिलं तर म्हैस तुमची. न्हाई दिलं तर दलालाची. मग माझ्यापाशी रडायचं न्हाई."

मग दिवाळी आली.

गवळ्यांची दिवाळी म्हणजे पाडवा. त्या दिवशी म्हशी सजवून मिरवायच्या. आठवडाभर आधीपासून अंगावरचे केस वस्तऱ्याने भादरून नक्षी काढतात. गळ्यात कवड्यांची माळ, पायात चांदीचा तोडा. आणि शिंगं! काचेच्या तुकड्याने शिंग खरवडायचं, खरवडत राहायचं, वरचा राठ पापुद्रा निघून आतला गुळगुळीत भाग लागेपर्यंत. मग तेल चोळून चकचकीत करायचं आणि वर हुरमुंजीचा लाल रंग चढवायचा. ज्याच्या म्हशीचं शिंग राठ, त्याची गवळवाड्यात नाचक्की. सुंदराबाई दुसऱ्या कुणाला शिंगाला हात लावू देत नसत. मी गॅलरीतून बघत होते. मांडीवर मैनेचं डोकं घेऊन बाई गाणं म्हणत म्हणत काच ओढत होत्या. मला ते फार छान वाटलं. बी.ए. झालेल्या माझ्याही डोक्यात आलं नाही की त्या काय खरवडतायत.

पाडव्याच्या सकाळी रामजी गमरे आला. दिवसा गिरणीत साच्यावर कापड विणायला, संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्र समितीचे फलक रंगवायला. आदल्या वर्षी त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला होता. सणाला तो येत नसे, पण सजलेली मैना पाहून रस्त्यातच थांबला.

"सुंदराबाई, एवढी मोठी पाठ रिकामी ठेवलीत?"

"मग काय करू? शाल पांघरू?"

"दिवाळी तुमची, बाई. महाराष्ट्र आपला. लिहू का?"

"लिव्ह. पर अक्षर झ्याक काढ. माझी मैना हाय, गिरणीची भिंत न्हाई."

रामजीने पिवळ्या रंगात, वळणदार अक्षरांत लिहिलं: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. एका कुशीवर मावेना म्हणून 'झालाच पाहिजे' दुसऱ्या कुशीवर गेलं. त्या दिवशी मैनेच्या मागे लालबाग लोटलं होतं. सुंदराबाई पुढे, कपाळाला गुलाल, आणि चाल अशी की बघत राहावं.

पाडवा झाल्यावर आठवड्याने, ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी सकाळी खात्याचे डॉक्टर आले. डॉक्टर कमलाकांत तळपदे, गिरगावातल्या जुन्या पाठारे प्रभू घराण्यातले. बोलणं मऊ, बूट चकचकीत. गोठ्यात पाऊल टाकताना त्यांचा चेहरा नेहमी देवळात चप्पल चोरीला गेल्यासारखा व्हायचा. मी पातेलं घेऊन तिथेच उभी होते.

"नंबर कुठे आहे?" त्यांनी मैनेचं डावं शिंग चाचपत विचारलं. मग उजवं चाचपलं.

"आँ?" सुंदराबाई म्हणाल्या.

"बाई, मी स्वतः इथे नंबर डागला होता. तो कुठे गेला?"

सुंदराबाईंनी शिंगाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली गेलेला मी ऐकला. "घासला."

"घासला म्हणजे?"

"पाडवा नव्हता का!"

डॉक्टरांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांची नजर मैनेच्या कुशीवर गेली. त्यांनी ते वाचलं. मग शांतपणे वळसा घालून पलीकडे गेले आणि 'झालाच पाहिजे' वाचलं.

"हेही पाडव्याचंच का?"

"ते निघतंय की! पुसून दावू?" बाईंनी पदर ओला करून घासायला सुरुवात केली. अक्षरं ढिम्म हलली नाहीत. रामजीने ऑइलपेंट वापरला होता.

"मी सही करू कशी?" डॉक्टर मला म्हणाले, कारण चष्मा मलाच होता. "हीच ती म्हैस कशावरून? उद्या कुणी म्हणेल तळपद्यांनी दुसरीच दाखवली. आज महिन्याची अखेर. आजच्या आत नंबर नाही दिसला तर हिचं नाव योजनेतून जाणार. माझा पगारही त्याच सरकारकडून येतो हो."

"मग नवा नंबर डागा," मी म्हटलं.

"सळई न् भट्टी परळच्या कचेरीत. म्हैस पाचच्या आत तिथे आणा, बघू काय करता येतं. इथे मला काही करता येणार नाही." आणि ते बूट पुशीत गेले.

खुंटाला टेकून कुशाबा सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "दलाल आज सांजच्याला येतोय."

त्यानंतर जे झालं ते आठवलं की मला अजूनही भीती वाटते. आणि हसूही येतं. गोठ्यातल्या बाकीच्या धारा, गिऱ्हाइकं, दुपारची वैरण आटपता आटपता तीन वाजले. नलूला गंगुबाईंकडे ठेवून मी खाली आले. माझ्याशिवाय त्या कचेरीत इंग्रजी कोण बोलणार? गंगुबाई वरून ओरडल्या, "गो बायो, पोलीस आसत नाक्यार! आज खंय जातंस म्हशीवांगडा?" खरंच होतं. दुसऱ्या दिवशी गुजरातसह लादलेल्या द्वैभाषिक राज्याला वर्ष पुरं होणार होतं, काहीतरी गडबड होईल या धास्तीने नाक्यानाक्यावर पोलीस उभे होते. पाचांच्या वर माणसं जमायला बंदी.

सुंदराबाईंनी अक्षरं झाकायला मैनेच्या पाठीवर गोणपाट टाकलं. कासरा हातात घेतला आणि आम्ही तिघीच निघालो, बाई, मी आणि मैना. कुशाबा आला नाही.

मोठ्या रस्त्याला लागलो तोच साडेतीनचा भोंगा झाला. गिरणी सुटली. मैनेने दचकून अंग झाडलं आणि गोणपाट गटारात पडलं. सुटलेल्या पाळीतल्या माणसांनी ते पिवळं अक्षर पाहिलं, लाल शिंगं पाहिली, आणि एकाने आरोळी दिली, "अरे, मोर्चा आला!"

"मोर्चा न्हाई रं बाबांनो, म्हैस हाय!" सुंदराबाई ओरडल्या. पण त्यांचा आवाज असा की ती घोषणाच वाटली. बघता बघता मागे पन्नास माणसं, मग शंभर, मग मोजायची सोय राहिली नाही. रामजीही डबा हातात घेऊन धावत आला. "माझंच अक्षर आहे ते!" असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. मागून ट्राम आली. रुळांच्या मधोमध मैना. ट्रामवाला पायाने घंटा बडवतोय, मैना ढिम्म.

"ए, बाजूला घ्या ती भाकड!" कंडक्टर ओरडला.

"भाकड कुनाला म्हंतोस रं?" माझ्या मागून कुणीतरी गरजलं. बघते तो कुशाबा! कधी येऊन गर्दीत मिसळला होता कोण जाणे. "सातवा महिना चालू हाय तिचा! तुझ्या ट्रामला हाय का?"

ट्राममध्ये हशा पिकला. एक म्हातारी खिडकीतून म्हणाली, "सातवा? मग हळू चालवा रे तिला. पळवू नका." आणि काय सांगू, ट्राम आमच्या मागून बैलगाडीच्या चालीने येऊ लागली. कुशाबाने सुंदराबाईंच्या हातातला कासरा घेतला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मैनेच्या पाठीवर हात ठेवून चालू लागल्या.

परळ नाक्यावर फौजदाराने काठी आडवी केली. तरणा, मिशीवाला. मला नलू दिसायला लागली, गंगुबाईंच्या उंबऱ्यावर बसून वाट बघणारी, आणि मी आपली कोठडीत.

"कुणाचा मोर्चा आहे हा?"

"मोर्चा न्हाई, सायेब. म्हशीला दवाखान्यात नेतोय," सुंदराबाई म्हणाल्या.

"आणि ही माणसं?"

"त्यास्नी इचारा. मी न्हाई बोलावली."

"आपापल्या घरी चाललोय, साहेब," रामजी म्हणाला. "सगळे इकडंच राहतो."

"म्हशीवर काय लिहिलंय?"

"मला कुठं वाचता येतंय, सायेब? तुमीच वाचून दावा की."

फौजदार खाकरला. काठीने अक्षरं दाखवीत, शाळेत वाचावं तसं तो मोठ्याने वाचू लागला, "मुंबई... सह... संयुक्त... महाराष्ट्र..." कुशीवरची अक्षरं तिथे संपली. तो पुढचं शोधायला वाकला आणि त्याच क्षणी अख्खा रस्ता गरजला, "झालाच पाहिजे!"

ट्राममधूनही आवाज आला. फौजदार सरळ झाला. त्याचे कान लाल झाले होते, पण मिशीखाली ओठ कसे दाबून धरले होते ते मी जवळून पाहिलं. मराठीच होता तोही.

"पाचांच्या वर माणसं दिसली तर सगळ्यांना आत टाकीन!" तो ओरडला. "म्हैस धरून पाच!"

"म्हैस दोनात धरायची का, साहेब? पोटुशी आहे," मागून कुणीतरी म्हणालं. फौजदार पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

मग आम्ही रस्त्याने चौघे आणि मैना असे पाचच. बाकीची गर्दी दोन्ही फूटपाथवर पांगली आणि आमच्या बरोबरीने चालू लागली. कोण पान घ्यायला निघालेलं, कोण भाजी घ्यायला. सगळे परळकडेच.

कचेरीच्या फाटकाशी पोचलो तेव्हा शिपाई कडी लावत होता. सुंदराबाईंनी फाटकात खांदाच घातला. डॉक्टर तळपदे बाहेर आले. त्यांनी म्हशीकडे, आमच्याकडे आणि रस्त्यापलीकडे पान घेत उभ्या असलेल्या दीडदोनशे माणसांकडे पाहिलं.

"एवढी माणसं?"

"भाजी घ्यायला आलीत," मी म्हटलं. माझ्या तोंडून असं काही निघेल असं मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

डॉक्टरांनी कोट काढला, बाह्या वर केल्या, मैनेला नीट तपासलं. "गर्भ सात महिन्यांचा. तेव्हा चारचा होता, म्हणजे जुळतंय. पण जुळतंय म्हणजे हीच, असं मला लिहिता येणार नाही." ते सुंदराबाईंकडे वळले. "आज हिला नवी म्हैस म्हणून घेतो. उद्यापासूनची वैरण मिळेल, व्यायपर्यंत. मागचे तीन महिने मात्र गेले. ते मी देऊ शकत नाही, बाई."

सुंदराबाईंनी मान हलवली.

"आणि कबूल करा, पुन्हा शिंग घासणार नाही. ती व्यायली तरी नंबर दीड वर्ष राहिला पाहिजे. पुढचा पाडवासुद्धा त्यात येतो."

आता बाईंनी मान हलवली नाही. भट्टीत सळई लाल होत होती. मला वाटलं, हो म्हणतील, म्हणायलाच हवं. मी त्यांचा दंड दाबला. पण न घासलेल्या शिंगाची म्हैस पाडव्याला बाहेर काढायची, गवळणीने? त्यांच्या चेहऱ्यावर नवऱ्याच्या मरणाची गोष्ट सांगतानाही असलं काही मी पाहिलं नव्हतं.

"सायेब, नियमात किती शिंगं लिवलीत?"

"म्हणजे?"

"नंबर किती शिंगांवर पायजे?"

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "एका."

"मग डावं सरकारचं. त्याला मी हात लावनार न्हाई, माझ्या म्हशीची आन. उजवं माझं."

डॉक्टर हसले. मला वाटतं त्या कचेरीत ते पहिल्यांदाच मोठ्याने हसले असावेत, कारण शिपाई चमकून बघायला लागला. कुशाबाने मैनेचं डोकं छातीशी धरलं, सळई टेकली, धूर निघाला, शिंगाचा करपट वास पसरला आणि फूटपाथवरून टाळ्या पडल्या. पुढल्या पाडव्याला मैना खरंच तशीच मिरवली. एक शिंग लालभडक, एक राठ, काळं, आकड्याचं. शेजारी तिची पारडी. कुणी हसलं की सुंदराबाई म्हणायच्या, "आमच्यात सरकारचा वाटा हाय."

पण त्या संध्याकाळी हे काही ठाऊक नव्हतं. फाटकाबाहेर पडलो आणि सगळं ऐकलेलं असूनही कुशाबाने विचारलं, "मागचं तीन महिन्यांचं?"

"न्हाई दिलं," सुंदराबाई म्हणाल्या.

बोली काय ठरली होती ते आम्हा तिघांनाही आठवत होतं. लालबागपर्यंत कुशाबा खाली बघत चालला. फूटपाथवरची माणसं हळूहळू आपापल्या गल्ल्यांत वळली. जाताना जो तो मैनेच्या पाठीवर थाप देत होता. "जप रे हिला, कुशाबा!" "व्यायली की चीक पाठव, कुशाबा!" त्याला नावानिशी ओळखणारी इतकी माणसं आहेत हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

गोठ्याच्या दारात बाजेवर दलाल बसला होता. तो उठला. "काय ठरलं? गाडी आणलीय."

सुंदराबाई कासऱ्याला धरून उभ्या राहिल्या. मी जिन्याशी थांबले. वर नलू "आई, आई" करत होती, तरी मी वर गेले नाही.

कुशाबाने डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "अर्धं परळ चालत आलंय हिच्या मागनं," तो दलालाला म्हणाला, पण बघत होता सुंदराबाईंकडे. "आता हिला इकली तर सकाळी दूध घिऊन कुनाच्या दारात उभा ऱ्हाऊ? जावा तुमी. म्हैस आज लई चाललीय, दमलीय."

दलाल हसला. निघता निघता सवयीने म्हशीचं मांस चाचपायला त्याने मैनेच्या पाठीकडे हात नेला. सुंदराबाईंनी वैरणीची पाटी मध्ये धरली.